दोन पिवळ्या रेघा

दिवा आधी गुलाबी होतो.
थांबा, म्हणतात मोकलकाका, त्याला घाई चालत नाही.
वाशीच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर, काळ्या पडद्यांच्या खोलीत
मी, फिरदौस आणि एकच चालू स्पेक्ट्रोमीटर.
दुसऱ्याचा स्क्रू गेल्या बॅचनं पळवला.
दहा मिनिटांनी पिवळा.
इतका पिवळा, की फिरदौसची लाल ओढणी राखाडी दिसते
आणि आमचे हात कुणा आजाऱ्याचे.

नळीला डोळा लावते. एक रेघ.
फोकस किंचित मागे, श्वास धरून,
एकीच्या दोन.
पाच हजार आठशे नव्वद, आणि शहाण्णव.
माझं उत्तर आलं एकोणसाठशे बारा.
पणिकर मॅडम म्हणाल्या, खोडू नकोस,
किती चुकलीस तेही लिही.
असं मला कुठल्याच विषयात कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारच्या लेक्चरला त्याच दोघी पुन्हा आल्या,
या खेपेला काळ्या, सूर्याच्या वर्णपटात.
उजेड निघाला होता, पण वरच्याच थरात सोडियमनं तो गिळला.
जिथे काही दिसत नाही
तिथेच ते आहे.
मी वहीत चौकट केली.

घणसोलीला आल्यावर आज्याला सांगितलं.
त्याचं मिठागर सिडकोत गेलं.
आता तिथे काचेची इमारत,
आत थंडगार खोल्यांतून दुसऱ्यांचे फोटो साठवतात.
"सूर्यान पन मीठ हाय?"
मीठ नाही आज्या, नुसतं सोडियम.
त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.
"मंग कोन ओढतं तं?"
आणि स्वतःच्या नडग्यांकडे बघत बसला,
जुन्या पांढऱ्या भेगांकडे.

गच्चीवरून गुरू दिसतो, अजून तीनचार कुणी.
बाकीचं आकाश आम्ही उधारीवर शिकतो.
पाम बीचचे दिवे पूर्वी पिवळे होते,
एका फिल्टरनं गाळता यायचे.
आताचे पांढरे, सगळ्या रंगांत मिसळलेले.
खालून मामा ओरडतो, बी.एससी. करून पुढे काय?
गाडी लावता लावता विचारतो,
उत्तरासाठी थांबत नाही.
बरंच आहे. माझ्याकडे फक्त चुकीचा रकाना भरलेला आहे.

तोंडी परीक्षेच्या सकाळी आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या
आणि गॅसवर टाकल्या.
निळी ज्योत भक्कन पिवळी झाली.
बघ, आई म्हणाली, केवढी नजर लागली होती.
मी बघत होते.
डोळे किलकिले करून, उगीच,
त्यात दोन दिसतात का.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं,
सोडियम कुठे कुठे पाहिलंस?
लॅबमध्ये, सर. सूर्यात, म्हणजे पुस्तकातल्या.
घरी, गॅसवर.
ते हसले, काहीतरी लिहिलं.
चौथं उत्तर जिभेवर होतं, खारट,
पण तोवर त्यांनी फिरदौसचा नंबर पुकारला.