पस्तीस

उद्यमबागेतून सुटलो की हाताला कूलंटचा वास असतो.
आधी साबण, मग साधं पाणी, मग पुन्हा साधं पाणी,
आणि मगच टाकीत कोपरापर्यंत हात.
तांब्याचा एक कण गेला तरी पोवळी मरतात.
दिवसभर लेथवर पितळ कातणाऱ्याला
हे रोज घोकावं लागतं.

वडगावच्या घरात जिथे मागाचा खड्डा होता
तो बुजवून तिथेच उभी केलीय,
साडेतीनशे लिटर.
जमीन अजून खचते थोडी.
एका पायाखाली बारा मिलिमीटरची चकती सरकवलीय,
तीही मीच कातलेली.

मीठ बादलीतून येतं, पार्सलने.
किंमत ऐकून शकूवहिनी म्हणाल्या,
"लोणचं घालालायस काय की ह्यात?"
चोर्ला उतरलं की समुद्र फुकट आहे, हेही म्हणाल्या.
आणला होता एकदा, दोन कॅन.
घाटात झाकण सैल झालं,
सीटखालचा पत्रा अजून त्या समुद्राला खातोय,
किंवा समुद्र पत्र्याला.

पहिले सात आठवडे नुसते दगड.
माणसं यायची, खुर्ची ओढून बसायची.
"मासे कुठायत?"
"पाणी अजून पिकलं नाही."
"पाणी ते, पिकतंय काय?"
मी परीक्षानळी उजेडात धरायचो:
हिरवं, हिरवं, हिरवं,
आणि एका मंगळवारी पिवळं.

भिंगात निळं आणि पांढरं जिथे भेटतं
ती रेघ पस्तिसावर हवी.
दहावीला कन्नडात मला नेमके पस्तीस होते.
काठावर पास, म्हणाले होते गुरुजी,
आणि सगळा वर्ग हसला होता.
आता रोज संध्याकाळी डोळा मिटून
तोच काठ शोधतो.

उन्हाळ्यात दिवसाला चार लिटर पाणी उडतं.
मीठ उडत नाही.
म्हणून वरून घालायचं ते गोडंच,
हे ईरण्णाला सांगताना पस्तीस मार्क पणाला लावले:
"नीर हारतैती, उप्पु उळीतैती."
तो म्हणाला, "हौद."
हो म्हणाला की टाकीलाच हौद म्हणाला,
विचारलं नाही.

त्या रात्री ट्रान्स्फॉर्मर गेला.
इन्व्हर्टर दोन तास टिकला.
पंप थांबल्यावर कळलं, घर किती आवाजात झोपत होतं.
ईरण्णा लुंगीवरच आला, बॅटरी दातात धरून,
आणि देवळीतला तांब्या उचलला.
"तांब्या नको! मग घे, प्लास्टिकचा!"
पाणी उचलायचं, हातभर वरून सोडायचं,
उचलायचं, सोडायचं,
म्हणजे हवा मिसळते.
एकदा तो, एकदा मी.
तीनच्या सुमारास तो मुलीच्या लग्नाचं बोलला,
स्थळ हुक्केरीचं, नको म्हणते.
मी हं म्हणत राहिलो.
मासे कोपऱ्यात तोंड वर करून होते.

सव्वापाचला पंप खोकला, आणि चालू.
दोन्ही मासे जगले.
जांभळं पोवळं, ज्याच्यावर माझा जीव,
दुपारपर्यंत चिखलासारखं गळून गेलं.
चिमट्याने काढलं, पिशवीत बांधलं,
कचरागाडीचं गाणं ऐकू आलं तेव्हा
दारातच थोडा वेळ उभा राहिलो.

तसाच कामावर गेलो.
त्या दिवशी पितळ नव्हतं, पोलादाचे जॉब होते.
गुरुवारी तपासणीच्या टेबलावरून एक परत आला.
माप बरोबर, धार बरोबर,
चकाकत्या अंगावर एकच तांबूस ठसा,
अंगठ्याचा, वळ्यांसकट.
"कुणाचा हा?" मेस्त्रींनी विचारलं.
मी हात खिशात घातला.