उत्तरेचा उजेड

सातपूरच्या कारखान्यात मी रंग जुळवते.
म्हणजे गिऱ्हाईक पत्र्याचा एक तुकडा पाठवतं
आणि म्हणतं, अगदी हाच.
अगदी हाच कधी होत नाही.
तांबड्यात जरा काळं लोह, चिमूटभर टिटॅनियम,
पुन्हा दळायचं, पुन्हा पत्र्यावर ओढायचं,
वाळेपर्यंत गप्प बसायचं.
ओला रंग खोटं बोलतो.

लॅबची खिडकी उत्तरेची. लांब रामशेज दिसतो.
तिथून ऊन आत शिरत नाही, म्हणून निवाडा तिथेच.
ट्यूबलाइटखाली जुळे वाटलेले दोन लाल
खिडकीशी नेले की
एक विटेकडे कलतो, एक वांग्याकडे.

माझे वडील, सुकदेव खैरनार,
याच गेटातून तेवीस वर्षं आत गेले
आणि लाल होऊन बाहेर आले.
आयर्न ऑक्साइडची पोती भरायचे.
त्याला गंज म्हटलेलं त्यांना खपायचं नाही.
"गंज आपोआप चढतो. हा भाजावा लागतो.
पिवळा घालायचा भट्टीत, आतलं पाणी उडालं
की झाला लाल. माणसाचंही तेच."
माणसाचं काय, ते कधी सांगितलं नाही.

मोरीत पहिला तांब्या ओतला की
आई म्हणायची, आंघोळ करताय की बोकड कापताय?
उशीचे अभ्रे लाल, भाकरीची कड लाल.
पाचवीत माझ्या प्रगतिपुस्तकावर
पालकांच्या सहीच्या रेघेवर सही होतीच,
शेजारी अंगठाही उठलेला, न मागता.
बाईंनी विचारलं, हे काय?
मी म्हटलं, दोनदा केलीय.

पलीकडच्या शेडमध्ये शेंदूर व्हायचा. शिशाचा.
काही पिंपं पुलांच्या लोखंडाला, पहिला हात म्हणून,
काही पेठेतल्या दुकानांत, पुड्या बांधायला.
कुठल्या मारुतीला, ते विचारायची रीत नव्हती.
तिथल्या दामू पगारेंचं मनगट एके दिवशी
खाली पडलं ते वर येईना.
देवाला हात जोडायचे तर दुसऱ्या हातानं उचलून.
हिरड्यांवर निळी रेघ आली होती, बाबा सांगतात,
अशी निळी आपल्या शेडकार्डात नव्हती.
शेड बंद झाली.
पुलानं काही विचारलं नाही. देवानंही.

परवा एक तुकडा आला, जुन्या गोदामाच्या दाराचा.
चौदा वेळा केला. नाही जुळला.
संध्याकाळी पर्समध्ये टाकून घरी नेला.
मोतीबिंदू काढल्यापासून बाबा निळ्यावर खूष आहेत,
आभाळाला दाद देतात, प्लास्टिकच्या बादलीलाही.
तुकड्याकडे त्यांनी बघितलंच नाही.
अंगठ्यानं घासला, नाकाशी नेला.
"जास्त भाजलाय. त्या वर्षी भट्टीचा काटा बिघडलेला.
मी बोललो होतो. कोण ऐकतंय?"

आमची खिडकी दक्षिणेची,
तिथं काही जुळवू नये.
तरी तिथंच उभी राहून मी त्यांचा हात पाहिला.
निवृत्तीला नऊ वर्षं झाली,
भेगांमध्ये आता नुसती कातडी, सगळा धुऊन गेलेला.
फक्त अंगठ्यावर, आत्ताचा, ताजा,
जुन्या दाराचा लाल.

पुसायला काहीतरी दे, म्हणाले.
मी नमुन्यांची वही पुढे केली.