तपासलेला डोळा

पिंपळगावला खताच्या दुकानावर माझी खोली.
टेबल, ब्लेड, मायक्रोस्कोप,
आणि सप्टेंबरात ओल्या गोणपाटात बांधून आलेल्या काड्या.
प्रत्येक जुडीला चिठ्ठी : प्लॉट, वाण, खरडछाटणीची तारीख.

एकोणीस वर्षं मी द्राक्षाचे डोळे चिरते.
पापुद्रे सोलत गेलं की आत, मोहरीहून बारीक,
एकतर घड असतो, नाहीतर बाळी.
मधलंही एक असतं, गोळीघड :
घड व्हायला निघालेलं, वाटेत मन बदललेलं.

बागायतदार चपला दाराबाहेर काढून उभे राहतात.
"ताई, माल येईल ना?"
शंभरात बासष्ट, मी सांगते. पाचव्या डोळ्यावर छाटा.
आणि हेही, की ठरायचं ते मे महिन्यातच ठरलंय,
ऊन किती पडलं, पाणी कधी तोडलं, तेव्हा.
आज आपण फक्त वाचतोय.

यंदा माझंच वाचन झालं.

नाशकात, गंगापूर रोडचा दवाखाना.
आदल्या रात्री चार लिटर खारट पाणी,
आणि पहाटेपर्यंत मोरीच्या दिव्याचं बटण.
मोठ्या आतड्याच्या डाव्या वळणावर
देठावर बसलेला एक कोंब, नऊ मिलिमीटर.
तारेचा फास टाकून काढला. पडद्यावर दाखवला :
गुलाबी, ओला, कुणाचं काही न बिघडवलेला.
मी म्हणाले, कितवा डोळा?
गुंगीत होते. कुणी हसलं नाही.

टिल्लू डॉक्टरांनी त्याच्या मेणात बसवून चकत्या पाडल्या,
काही पुण्याला पाठवल्या, रेणूंच्या तपासणीला.
कॅन्सर नाही.
पण केरास नावाच्या जनुकात
एक अक्षर दुसऱ्याच्या जागी बसलेलं.
"म्हणजे?"
"म्हणजे 'वाढ' असा निरोप अधूनमधून यायचा,
तो आता बंदच होत नाही."
"शंभरात किती?"
माझ्या तोंडून थेट उगावच्या पानगव्हाणेंचा आवाज आला.

बाईंनी पेन खाली ठेवलं.
"काही अभ्यास म्हणतात, पुढचा धोका वाढतो.
काही म्हणतात, आकार आणि संख्या, तेवढंच खरं.
आकडा माझ्याकडे नाही.
पाच वर्षांनी बोलावणार होते, तीन वर्षांनी या."

राग आला. मी तर आकडा देते.
दशांश चिन्हासकट, सही-शिक्क्यासकट.

द्वारकेला बस रखडली तेव्हा सुचलं ते एवढंच :
चिरलेला डोळा फळत नाही.
लाखभर डोळे चिरले असतील मी,
त्यातला एक मणी कुणी खाल्लेला नाही.
जो सांगतो, तो संपलेला असतो.
सांगतो तो काडीवर मागे राहिलेल्यांबद्दल.
तसाच तो नऊ मिलिमीटरचा.
त्याचा कॅन्सर आता कधीच होणार नाही, तो मेणात आहे.
आणि बोलतोय माझ्या उरलेल्या पाच फुटांबद्दल,
जिथं तेच ऊन पडलंय, तेच पाणी,
तोच मे.

ओझरला भावाला फोन केला. तूही बघून घे म्हटलं.
"मला काय धाड भरलीय?"
मलाही नव्हती भरली.

खोलीवर पानगव्हाणे थांबले होते, जुडी मांडीवर.
ब्लेड पुसलं. चौथा डोळा : घड.
पाचवा : घड.
सहाव्यात काय आहे, बराच वेळ कळेना.
म्हटलं, काका, बसा जरा,
बासष्ट म्हणजे नेमकं काय ते सांगते.
त्यांना घाई होती. छाटणीची टोळी पहाटे येणार होती.
"पाचव्यावरच ना?"
हो. पाचव्यावर.

ते गेल्यावर रजिस्टरच्या शेवटच्या पानावर
माझीही चिठ्ठी लिहिली.
प्लॉट : डावं वळण.
वाण : आईकडचा, बहुतेक.
पुढची तपासणी : तीन सप्टेंबर सोडून.
खरडछाटणीची तारीख :
माहीत नाही.