सहा बेचाळीसची भरती

खारघरच्या प्रयोगशाळेत
मैथिली कुडाळकरने माझ्या डोक्याला बत्तीस तारा चिकटवल्या
आणि म्हणाली, "वाटेल तेव्हा दाबा, काका.
डावं किंवा उजवं. तुमची मर्जी."
मर्जी हा शब्द तिनं
पावती फाडताना म्हणतात तसा म्हटला.

दीड तास मी मर्जी दाबत बसलो.
कधी मुद्दाम थांबलो, कधी लागोपाठ तीनदा डावं,
एकदा तर निव्वळ खोडी म्हणून
डावं म्हणता म्हणता उजवं.
शेवटी तिनं पडदा माझ्याकडे वळवला.
दहातल्या आठ वेळा
यंत्राला माझ्याआधी कळलं होतं.
खोडीसकट.

पाचशे रुपये आणि केसांत वाळलेला जेल घेऊन निघालो.
रिक्षात कळेना,
हे पाचशे नक्की कुणी कमावले?

बेलापूरला उतरून दिवाळ्याच्या धक्क्याकडे वळलो
(हे वळणंही आधी कुठंतरी उमटलं असणार).
चांगुणाबाईनं लांबूनच पाहिलं,
"बोलू नको, तुजी निवटी बाजूला ठेवलीय."
बावीस वर्षं ती
माझं तोंड उघडायच्या आत तोलते.
तिच्यापुढं कधी बाहुलं झाल्यासारखं वाटलं नाही.
उलट वाटलं, चला, कुणीतरी ओळखतं.
मग त्या पडद्यापुढंच का
खिसे कापल्यासारखं झालं?

चहाच्या टपरीत कॅलेंडर लटकतं.
भरतीच्या वेळा, मिनिटासकट.
आज सहा बेचाळीस.
गेल्या दिवाळीआधीच छापून झालेलं.
पण म्हणून खाडी बसून राहत नाही,
छापलंय ना, झालंच, म्हणत.
तिला तिवरांच्या मुळांतून शिरावं लागतं,
बांधलेल्या होड्यांखालून,
चिखलातलं एकेक बीळ भरत.
गणित तिच्याऐवजी ओलं होत नाही.

मोबाइलमध्ये मुकुंदाचा नंबर आहे.
कळव्याच्या खोलीवरून अकरा वर्षं बंद.
करेन का मी फोन?
चांगुणाबाई नुसती मान हलवेल,
मैथिली टक्केवारी सांगेल.
मीही तेच सांगितलं असतं,
दुसऱ्या कुणाबद्दल विचारलं असतं तर.
"फोन होण्याची शक्यता कमी"
हे वाक्य वेधशाळेला शोभतं.
माझ्या तोंडी ती पळवाट.

आई गेली तेव्हा त्यानं केला होता.
वाजू दिला मी.
तेव्हा डोक्याला तारा नव्हत्या.
असत्या, आणि सगळं आधी दिसलं असतं,
तरी न उचलणारा मीच.

सहा एक्केचाळीस.
पाणी धक्क्याच्या खालच्या पायरीला लागलंय.
पिशवीत एक निवटी अजून उडते आहे.
अंगठा नावावर.
यंत्राला असतं तर कळलंही असतं आत्तापर्यंत.
मला कळायचं तर
करूनच बघावं लागेल.