वीस दगड

भावाचा फोन तवाऊहून आला, पामच्या मळ्यातून,
मागे कसलंसं यंत्र खडखडत होतं.
म्हणाला, जमीन विकली.
कुठली?
तुझ्या घराखालची.

माती थोरल्याला, घर धाकटीला,
आईनं वाटणी केली तेव्हा आम्ही जेवत होतो,
कुणी मानही वर केली नाही.
तीस वर्षं त्याच्या मातीवर माझे खांब.
भाडं म्हणून दर ईदला एक रेशमी सारोंग विणून धाडला,
त्याच्या मापाचा,
पुढे त्याच्या सुटलेल्या पोटाच्या मापाचा.

घेणारा सेंगकांगचा, पेट्रोलपंप टाकणार.
माणूस वाईट नाही. दोन महिने दिले.
ओढ्यापलीकडे मावसबहिणीची जागा पडून होती.
इ सोम्पा म्हणाली, आण की घर इकडे,
माझ्या म्हशीला तेवढीच सावली.

शुक्रवारी नमाजानंतर गाव आलं.
खांबांना आडवे-उभे बांबू बांधून झाले होते,
भांडी उतरवलेली, माग सोडवून ठेवलेला.
माळ्यावर टोपलीभर भात मात्र राहू दिलं.
रिकामं घर वाट चुकतं, आई म्हणायची.
डाएंग मसिगानं मशिदीतला भोंगा तोंडाला लावला:
सेद्दी, दुआ, तेल्लु!
आणि माझं स्वयंपाकघर
जमिनीपासून सुटलं.

मी रस्त्यावरून पाहत होते.
घराला दोन-अडीचशे पाय,
चपलांचे, चिखलाचे,
एक प्लास्टरमधला, ला तुप्पूचा, नको म्हटलं तरी आलेला.
खिडकीत मांजर, मिरवणुकीतल्या नवरीसारखं गंभीर.
विजेची तार आली तेव्हा एका पोरानं ती काठीनं वर धरली,
घर वाकलं नाही, आपणच सगळे वाकलो.
ओढ्यात उतरताना ते एका बाजूला कललं,
आत काहीतरी पडलं.
काय पडलं ते अजून सापडलेलं नाही.

राहिले दगड.
चार ओळी, ओळीत पाच, खांबांच्या बुडाचे.
पंपवाल्याचा माणूस म्हणाला, जमिनीत रुतलेलं ते जमिनीचं.
मी म्हटलं, आईनं नदीवरून डोक्यावर आणलेत,
पोटात मी होते तेव्हा.
तो म्हणाला, तसा कागद आहे?
सरपंच बराच वेळ सिगारेटकडे बघत बसले.
मग म्हणाले, एक ने. बाकीचे राहू दे.
मी बेंबीच्या खांबाखालचा घेतला,
ज्या खांबाला बारशाचा नारळ बांधतात.
उचलला तर खाली मुंग्यांचं एक अख्खं गाव,
अंडी तोंडात धरून
सैरावैरा.

संध्याकाळी सगळ्यांना कॉफी, केळीच्या पानातलं बारोंगको.
सव्वाशे माणसांची मजुरी एवढीच,
आणि पुढच्या कुणाच्याही घराला माझा एक खांदा,
तो नाही तर माझी चूल.

भावाला फोटो पाठवला.
त्यानं अंगठा पाठवला, मग तासाभरानं विचारलं,
माझा तो जुना भोवरा
तुळईवर होता, आहे का अजून?

तिन्हीसांजेला कोंबड्या दिसेनात.
शोधत गेले तर जुन्या जागी,
एकोणीस दगडांच्या मध्ये, जिथे दुपारपर्यंत माझी फरशी होती
तिच्याखाली अंग फुगवून बसलेल्या.
वर नुसतं आभाळ.
टोपलीत घालून आणल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्याही.

आता सगळ्यांना नवं घर कळलंय.
एक काळी तेवढी अजून जाते.
तिला मी आणायला जात नाही.
पंप होईतो
कुणाचा तरी ताबा असू दे.