लाल गळूलालंय

सकाळी सुमो मागं घेतली तेव्हा फरशीवर
रुपयाएवढा ठिपका.
बोट लावलं, नाकाशी नेलं.
इंजिनचं ऑइल काळं असतं, कूलंट हिरवं.
हे लाल, पातळ, थोडा जळका वास.

खरं तर दोन खेपांपासून गाडी कण्हत होती.
आसनेच्या पुलाजवळच्या वळणावर
स्टिअरिंग हापशासारखं ओढावं लागलं, अंग टाकून.
मागून दुधमलबाई म्हणाल्या,
"गाडीला काय दुखूलालंय रे?"
मी म्हणालो, रस्ता खराब आहे.
रस्ता खराब होताच,
त्यामुळे खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

सोमवार, बुधवार, शनिवार
वसमत ते नांदेड,
तीन डायलिसिसवाले आणि मी.
आज मंगळवार.
म्हणजे आजचाच दिवस.

व्यंकटी पांचाळ गाडीला लगेच हात लावत नाही.
आधी बशीतला चहा संपवतो,
मग छोट्या टाकीचं झाकण उघडून
आत बघतो, विहिरीत बघावं तसं.
"तळाला गेलंय. आन् वर फेस.
हवा पिऊलाली, म्हणून वरडती."

मी म्हणालो, तेल टाक, उद्याचं भागेल.
"फुटका माठच भरायचा आसंल
तर माझ्याकडं काहून आलास?
बाटली दुकानात भेटती."

रॉकेल, ब्रश, जुन्या लुगड्याचं फडकं.
पंप धुतला, पाइप धुतले, स्टिअरिंग बॉक्स धुतला.
काळ्या मातीचा तेलात मळलेला गोळा
खरवडून काढला, त्यात एक गव्हाची लोंबी निघाली.
मग कपाटातून बाळाच्या पावडरीचा डबा.
मी हसलो. वसमतात हळद स्वस्त आहे, म्हणालो.
"हळदीवर लाल उठून दिसत न्हाई,"
तो म्हणाला, अजिबात न हसता,
आणि सगळे पाइप पांढरे केले.

अर्धा तास बसलो. काही नाही.
"बंद आसताना दाब नसतो.
रात्री पडलं ते दिवसाचं उरलेलं.
बस आत. चालू कर. डावीकडं, पार शेवटाला.
धरून ठिवू नको, पंप मरंल. सोड.
आता उजवीकडं."
काचेतून मला फक्त बॉनेट दिसत होतं
आणि बॉनेटखालून त्याची एक टाच.
डावीकडं, उजवीकडं, डावीकडं.
टाच उचलली गेली.
"थांब."

जिथं रबर लोखंडी टोपीत शिरतं,
अगदी तिथंच
पावडरीवर एक लाल टिकली.
ती मोठी होत होती.

कंपनीचा पाइप आठ दिवसांनी येणार होता.
म्हणून मोईजच्या दुकानात,
जिथं जेसीबीचे, ऊसतोडणी यंत्रांचे पाइप दाबून देतात.
मोईजनं जुनं टोक वाकवून दाखवलं,
रबर आतून चिरलेलं, कोरडं.
"क्लिप आवळून नाही थांबत हे," तो म्हणाला,
"इथं जोर लई आसतो."
नवं रबर, नवी टोपी.
तांब्याच्या वायसरीपण नव्या,
बारा रुपयांच्या दोन. त्यावर व्यंकटी हटूनच बसला.

संध्याकाळी पुढची चाकं जॅकवर,
इंजिन बंद,
मी सावकाश स्टिअरिंग फिरवतोय,
तो टाकीत ओततोय, थांबतोय, ओततोय.
बुडबुडे येत राहिले,
मग तुरळक,
मग एक, बऱ्याच वेळानं.
चौदाशे पन्नास झाले. पन्नास त्यानं सोडले.

बुधवारी पुलाजवळ
स्टिअरिंग एका हातानं वळलं.
कोणी काही बोललं नाही. तिघंही झोपलेले.

दवाखान्याच्या पार्किंगमध्ये
गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा सारला
आणि चार तास त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं.
तीनदा बघितला.

दुधमलबाई बाहेर आल्या,
डाव्या हाताच्या सुईच्या जागी कापूस दाबून.
मी गुडघ्यांवर होतो.
"गळलं का रे?"
नाही, कोरडा आहे, म्हणालो.
त्यांनी कापूस जरासा उचलला,
खाली बघितलं, परत ठेवला.
"माझंबी थांबलं," म्हणाल्या.
"चल, दार उघड."