ढोलाचं कातडं

पहाटेचे चार. ऐझॉलवर धुकं बसलंय,
खालच्या गल्ल्या जणू नाहीतच, फक्त कुत्र्यांचे आवाज वर येतात.
बिआका माझ्या पायरीवर, माझ्याच स्वेटरात,
गुडघे छातीशी घेऊन.
एकेचाळिसावा दिवस.

मी चुलीवर चर्चचा ढोल शेकतोय.
ओलाव्यानं कातडं सैल पडतं, मग मारलं तरी
बोलत नाही, नुसतं हुं म्हणतं.
निखाऱ्यापासून वीतभर लांब धरायचं, फिरवत राहायचं.
जवळ नेलं की करपतं.
हे मी दोन ढोल जाळून शिकलो.

प्रभू, ऐक.
मी पाळक नाही, मंडळीतला वडील नाही, ढोलवाला आहे,
आणि बावीस वर्षांपूर्वी याच दंडात
मीही शीर शोधत होतो.
तू होतास म्हणे तिथं, बसस्टँडमागच्या मुतारीत.
मला दिसला नाहीस,
हे मी तुला अजून अधूनमधून सुनावतो.

आज याच्यासाठी बोलतोय.
यानं आईचं पुआन विकलं. लग्नातलं,
तिच्या आईनं मागावर विणलेलं, लाल-काळ्या पट्ट्यांचं,
दोन पुड्यांना.
नोव्हेंबरात ती गेली तेव्हा तिच्यावर पांघरायला ते नव्हतं.
शेजारणीनं आपलं दिलं.
ह्रांगवुंगा, याचा बाप, सगळ्यांसमोर म्हणाला,
शवपेटीला याचा हात लागता कामा नये.
लागला नाही.
हा वरच्या रस्त्यावर, उभ्या टॅक्सीच्या आडून बघत होता.

मी बापाला दोष देत नाही. तूही देऊ नकोस.
त्याच्या दाराला नवं कुलूप आहे, पण त्याआधी
नऊ वेळा त्यानं ते दार उघडलं होतं.
मी मोजलंय. समोरच राहतो.

म्हणून ते दार मी मागत नाही.
मागतो ते नाश्त्यापर्यंतचा वेळ.
याच्या पोटऱ्यांत वारूळ फुटतं, ते
सहापर्यंत सोसवेल एवढंच फुटू दे.
कोपऱ्यावर तो लाल स्कूटरवाला पोरगा येतो,
त्याची स्कूटर आज चालू होऊ देऊ नकोस.
हसू नकोस. याहून लहान गोष्टींत तू लक्ष घातलेलं आहेस.
आणि हा घसरलाच,
तर पुन्हा एकपासून मोजायची लाज
याला माझ्या पायरीपासून लांब नेणार नाही
असं काहीतरी कर. काय ते तू बघ.

बिआका, आता तुझ्याशी.
काल विचारलंस, देव मला माफ करेल का.
तो कधीच करून मोकळा झाला, बाबा.
वेळ लागतो तो माणसांना.
माणसांना शेजारी असतात, गुडघेदुखी असते,
कपाटात एका घडीची रिकामी जागा असते.

परवा रेमीला फोन लावलास. तिनं उचलला.
बोलली नाही. तूही नाहीस.
पण तिनं ठेवलाही नाही.
चार मिनिटं तू तिच्या स्वयंपाकघरात उभा होतास:
कुकरची शिट्टी, भांडं सरकल्याचा आवाज,
आणि तिची लेक सातचा पाढा म्हणत होती,
सात आठेला अडखळली.
तू इकडे ओठांतल्या ओठांत म्हणालास, छप्पन्न.
मला ऐकू आलं.
त्या रात्री मी वेगळी प्रार्थना केली नाही.

हं, शेकून झाला. वाजवून बघ.
बोटांनी नको, काठीनं.
हात थरथरतोय? थरथरू दे.
वर चर्चपर्यंत एकशे बारा पायऱ्या आहेत आणि माझी कंबर गेलीय,
दोर त्या बाजूनं तू धर.
तुझा बाप डावीकडे तिसऱ्या बाकावर बसतो.
वळून बघणार नाही तो, सांगून ठेवतो.
ढोल मात्र त्याला ऐकावाच लागेल.

घंटा झाली बघ.
आमेन मग म्हणू, चढून गेल्यावर.
उचल.